गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये वायफाय पोहोचवताना

आमचा कारखाना कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आहे. रस्त्यालगत दुमजली आरसीसी ऑफिस, त्याला लागून मशीन शॉपची लांब शेड, मग १८ मीटरचे मोकळे अंगण, त्यापलीकडे फाउंड्री म्हणजे ओतकामाची शेड, आणि सर्वांत मागे फेटलिंग (कास्टिंगची, म्हणजे ओतलेल्या भागांची साफसफाई), स्टोअर व डिस्पॅच, अशी त्याची मांडणी आहे. गेटपासून डिस्पॅचच्या मागच्या भिंतीपर्यंत टेप धरली तर १५२ मीटर भरतात. इंटरनेटची जोडणी ऑफिसच्या पहिल्या मजल्यावर येते आणि गेल्या वर्षापर्यंत वायफायही तिथेच संपत असे. मी येथे देखभाल आणि संगणक ही दोन्ही कामे पाहते. त्यामुळे मागच्या शेडपर्यंत वायफाय नेण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्यात गेलेल्या साताठ महिन्यांत जे समजले ते येथे सविस्तर लिहीत आहे. शिरोलीत, कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत किंवा शहरातल्या उद्यमनगरात अशाच पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या कोणाला तरी त्याचा उपयोग होईल, अशी माझी अपेक्षा आहे.

गरज कशातून निर्माण झाली ते आधी सांगते. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक ओतणीला एक हीट नंबर असतो. त्या ओतणीचे रासायनिक पृथक्करण, तापमान, ओतण्याची वेळ आणि त्यातून तयार झालेली कास्टिंग ही सगळी माहिती त्या नंबराशी बांधलेली असते. सहा महिन्यांनी ग्राहकाकडून एखाद्या भागाबद्दल तक्रार आली, तर आपण त्या नंबरावरून मागे जात थेट त्या दिवसाच्या भट्टीपर्यंत पोहोचू शकलो पाहिजे. आमच्याकडे हा प्रवास चिठ्ठ्यांवर चालत असे. मोल्डिंगवाल्याची चिठ्ठी फेटलिंगला, तिथून इन्स्पेक्शनला, तिथून डिस्पॅचला. काळ्या वाळूने माखलेल्या बोटांनी लिहिलेला आकडा तिसऱ्या टेबलावर वाचता येत नसे, आणि चिठ्ठी हरवली की कास्टिंग अनाथ होत असे. म्हणून प्रत्येक टप्प्यावर टॅब आणि बारकोड स्कॅनर द्यायचे ठरले, आणि ते दिल्यानंतर पहिल्याच आठवड्यात कळले की ती उपकरणे ऑफिसच्या दारापलीकडे चालतच नाहीत.

डिस्पॅच पाहणाऱ्यांना कारखान्यात सगळे आबा म्हणतात. गाडी भरली की वजनाचा कागद घेऊन ते १५० मीटर चालत ऑफिसात येत, ई-वे बिल निघेपर्यंत थांबत आणि पुन्हा तेवढेच चालत मागे जात. दिवसातून सहा-सात गाड्या, म्हणजे साठीला आलेल्या माणसाची रोज दोन किलोमीटरची फेरी. टॅब हातात पडल्यावर तो घेऊनही त्यांची हीच फेरी सुरू राहिली, तेव्हा एकदा ते शांतपणे म्हणाले, "ताई, रेंज हापिसात हाय आन् काम हितं हाय." पुढचे सगळे काम मी या एका वाक्याच्या आधाराने केले.

आमचा पहिला उपाय चुकला. बाजारातून दोन रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुढे पाठवणारी यंत्रे, आणली, एक मशीन शॉपच्या मध्यावर आणि दुसरा फाउंड्रीच्या दाराशी लावला. टॅबवर रेंजच्या चारही रेघा दिसू लागल्या, सगळ्यांना समाधान वाटले, आणि तरीही पान उघडेना. याचे कारण साधे आहे. एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर ऐकलेला प्रत्येक शब्द त्याच चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या त्याच वाटेवर, पुन्हा बोलतो. म्हणजे एकच माहिती हवेतून दोनदा जाते आणि वेग साधारण निम्मा होतो. रिपीटरमागे दुसरा रिपीटर लावला की तो आणखी घटतो. शिवाय रिपीटर आपण जिथे सिग्नल आधीच क्षीण झालेला असतो तिथे लावतो, त्यामुळे तो ते क्षीण ऐकलेलेच पुढे सांगत राहतो. ऑफिसात ९० एमबीपीएस मिळत असताना दुसऱ्या रिपीटरखाली ३ एमबीपीएसही टिकत नव्हते. टॅबवरच्या रेघा फक्त टॅब आणि त्याच्या जवळचे यंत्र यांच्यातल्या सिग्नलचे बळ सांगतात. त्या यंत्रापासून इंटरनेटपर्यंतच्या वाटेबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. घरात एका खोलीपुरता रिपीटर ठीक आहे. कामाच्या ठिकाणी, जिथे वीस-पंचवीस उपकरणे एकाच वेळी बोलतात, तिथे तो लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर मी खरेदी थांबवली आणि मोजायला सुरुवात केली. आलेख कागदावर कारखान्याचा नकाशा काढला, त्यावर पाच-पाच मीटरचे चौकोन आखले आणि मोबाइलवरच्या वायफाय मोजणाऱ्या एका अॅपच्या मदतीने प्रत्येक चौकोनात उभे राहून आकडा लिहिला. हा सिग्नलच्या शक्तीचा आकडा डीबीएम या एककात आणि उणे असतो. राउटरच्या अगदी जवळ तो उणे ३० ते ४० च्या आसपास असतो, उणे ६७ पर्यंत आवाजाचा कॉलसुद्धा तुटत नाही असे मानले जाते, उणे ७५ च्या पुढे स्कॅनर अडखळतो आणि उणे ८० च्या पलीकडे जोडणी केवळ नावाला उरते. हे गणित सरळ बेरजेचे नाही, हे ध्यानात ठेवणे अत्यंत गरजेचे आहे. दर ३ अंकांना शक्ती निम्मी होते आणि १० अंकांना एक-दशांश. उणे ६० आणि उणे ७० हे कागदावर शेजारी दिसतात, पण दुसऱ्यात पहिल्याच्या दहावा भागच शक्ती असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ अंक जातात. मध्ये भिंत, माल किंवा माणूस आला की त्यात भर पडते.

ही मोजणी मी दोनदा केली आणि दोनदा केली म्हणूनच ती उपयोगी पडली. पहिली साप्ताहिक सुट्टीला, शेड रिकामी असताना. दुसरी महिनाअखेरीला, म्हणजे स्टोअरच्या रॅक वरपर्यंत भरलेल्या, अंगणात कास्टिंगच्या थप्प्या लागलेल्या आणि सगळ्या मशिनी चालू असताना. स्टोअरच्या मधल्या गल्लीत दोन्ही मोजण्यांत ८ ते १० अंकांचा फरक निघाला. लोखंड रेडिओलहरी परतवते. जिथे महिन्याच्या सुरुवातीला मोकळी वाट होती तिथे महिनाअखेरीला बीडाची भिंत उभी असते. रिकाम्या शेडमध्ये मोजून आराखडा करणारा तंत्रज्ञ नेमक्या सर्वांत घाईच्या चार दिवसांत अपुरी पडणारी व्यवस्था देऊन जातो.

या मोजणीत एक गोष्ट अशी निघाली की मी ती तीनदा तपासली. टूल रूमचे स्टोअर हा सुमारे एक इंच चौकोनाच्या लोखंडी जाळीचा पिंजरा आहे. आमचे वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालते. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीतून कमी जातो आणि २.४ चा जास्त जातो, हे सगळीकडे सांगितले जाते आणि विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीबाबत ते खरेही आहे. त्या पिंजऱ्यात मात्र उलटे घडत होते. बाहेरून आत जाताना २.४ चा आकडा ठळकपणे पडत होता आणि ५ चा जेमतेम हलत होता. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि ५ च्या पट्ट्यात ती साधारण साडेपाच सेंटिमीटर. जाळीचे छिद्र लहरीच्या लांबीच्या मानाने जितके लहान, तितकी ती जाळी सलग पत्र्यासारखी वागते. अडीच सेंटिमीटरचे छिद्र लांब लहरीसाठी बरेचसे बंद असते आणि आखूड लहरीसाठी बरेचसे उघडे. पुस्तकातला हा नियम मला पॉलिटेक्निकमध्ये शिकवलेला होता, पण तो स्वतःच्या कारखान्यात, ड्रिल आणि टॅपच्या कप्प्यांमध्ये उभे राहून हातातल्या आकड्यावर दिसला, याचा मला मनापासून आनंद झाला.

दुसरी एक समजूतही या मोजणीने निकालात काढली. भट्टी चालू झाली की वायफाय जाते, भट्टी रेंज खाते, असे फाउंड्रीतले सगळे ठामपणे सांगत. त्यांचे निरीक्षण खरे होते. भट्टी पूर्ण भारावर गेली की जोडणी खरोखरच तुटत होती. पण इंडक्शन भट्टी काही शे ते काही हजार हर्ट्झवर चालते आणि वायफायचा खालचा पट्टाच २४० कोटी हर्ट्झवर आहे. एवढ्या दूरच्या दोन वारंवारता एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. मी भट्टी चालू असताना सिग्नल मोजला, तो जागचा हलला नव्हता. शेवटी सापडले ते असे, की भट्टीचा भार वाढताना त्या शेडमधला विजेचा दाब क्षणभर खाली येत असे आणि फाउंड्रीतल्या नेटवर्क स्विचचा (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या यंत्राचा) साधा अॅडॉप्टर तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होत असे. स्विच पूर्ववत व्हायला दोन मिनिटे लागत, तीच ती गेलेली रेंज. स्विचला छोटा यूपीएस दिला आणि भट्टीवरचा आरोप मिटला. कामगार जे पाहतात ते बहुतेक वेळा खरे असते. कारण शोधणे हे आपले काम आहे.

या टप्प्यावर एका विक्रेत्याने जास्त शक्तीचे, मोठ्या अँटेनाचे यंत्र ऑफिसच्या गच्चीवर लावण्याचा सल्ला दिला होता. तो मी का नाकारला, हे कोल्हापूरच्या वाचकाला समजावणे सोपे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती चालू असताना निवेदकाचा आवाज कर्ण्यावरून शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचतो. शेवटच्या पायरीवरचा माणूस मात्र कितीही ओरडला तरी त्याचे शब्द निवेदकाला कळत नाहीत. वायफायमध्ये दोघांनाही बोलावे लागते. टॅब किंवा स्कॅनर छोट्या बॅटरीवर चालतो आणि त्याची प्रसारणशक्ती मोठ्या यंत्राच्या मानाने बरीच कमी असते. गच्चीवरच्या यंत्राने शक्ती वाढवली तर टॅबला ते ऐकू येईल, पूर्ण रेघा दिसतील, पण टॅबचे उत्तर मागे पोहोचणार नाही. म्हणून कामाच्या ठिकाणी एक मोठा आवाज उपयोगाचा नसतो, जवळजवळ बसवलेली अनेक मवाळ यंत्रे लागतात. आमच्याकडे आज आठ अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारी यंत्रे, आहेत आणि त्यांतल्या एकाचीही शक्ती मी कमाल पातळीवर ठेवलेली नाही.

आठ यंत्रे म्हणजे आठ वायरी, आणि या कामाचा खरा भार तिथे आहे. वायरलेसची व्याप्ती वाढवायची तर प्रत्येक यंत्रापर्यंत पक्की वायर न्यावी लागते, या गोष्टीला मी कितीही महत्त्व दिले तरी ते कमीच पडेल. एकूण खर्चातला निम्म्याहून अधिक भाग केबल, पाइप, ट्रे आणि मजुरी यांवर गेला, आणि मालकांना ते पटवून द्यायला मला यंत्रे निवडण्यापेक्षा जास्त वेळ लागला. दिसणारी वस्तू विकत घ्यायला लोक तयार असतात. भिंतीवरून जाणारी वायर त्यांना खर्च वाटते.

तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर आहे, आणि ती मोजताना सरळ रेषा धरून चालत नाही. केबल खांबावर चढते, ट्रसला (छताच्या सांगाड्याला) वळसा घालते, पॅनेल टाळते आणि खाली उतरते; नकाशावर ६० मीटर दिसणारे अंतर प्रत्यक्षात ८५ भरते. त्यातच विजेच्या जाड केबलींच्या शेजारून, त्याच ट्रेमधून नेटवर्कची केबल नेणे टाळावे लागते. मशीन शॉपमध्ये मोटारींचे ड्राइव्ह (वेग नियंत्रित करणारी यंत्रे) आणि वेल्डिंग यांचा गोंगाट तांब्यात शिरतो. आम्ही वेगळा पाइप टाकला, आणि जिथे विजेची केबल ओलांडणे भागच होते तिथे ती काटकोनात ओलांडली.

केबलच्या दर्जाबद्दल थोडे थांबून लिहिते, कारण येथे फसवणूक सर्रास होते. स्वस्त केबलमध्ये अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो. बाहेरून ती तांब्याचीच दिसते. आमचे अॅक्सेस पॉइंट याच केबलमधून वीजही घेतात. २००३ च्या मानकानुसार स्विचच्या एका पोर्टमधून १५.४ वॉट आणि २००९ च्या मानकानुसार ३० वॉटपर्यंत वीज देता येते. अॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्यापेक्षा जास्त असल्याने लांब अंतरावर दाब घटतो, तार गरम होते, आणि यंत्र दिवसभर चालून संध्याकाळी भार वाढला की बंद पडते. अशा बिघाडाचे मूळ शोधण्यात आठवडा जातो. केबल घेताना टोकाची तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर दुकानदाराला परत करावी. मी दुकानाच्या काउंटरवर उभी राहून हे केले आणि पहिली दोन बंडले परत केली.

अंगण ओलांडण्याचा धडा आम्हाला वळवाने दिला. सुरुवातीला मशीन शॉप आणि फाउंड्री यांच्यामध्ये तांब्याची केबल हवेतून ताणली होती. मे महिन्यातल्या एका दुपारी आभाळ भरून आले, गारांचा मारा झाला आणि जवळच कुठेतरी वीज पडली. ती आमच्यावर पडली नव्हती, तरीही दोन्ही बाजूंच्या स्विचचे मिळून तीन पोर्ट आणि इन्स्पेक्शनच्या संगणकाचा नेटवर्क पोर्ट जळाला. दोन वेगळ्या इमारतींना वेगळे अर्थिंग असते. वीज चमकते तेव्हा त्या दोन जमिनींमध्ये क्षणभर मोठा विद्युतदाब उभा राहतो आणि दोन्ही शेडना जोडणारी तांब्याची तार ही त्याला मिळालेली सर्वांत सोपी वाट असते. त्यानंतर आम्ही इमारतींच्या मधला सगळा भाग ऑप्टिकल फायबरवर नेला. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. ड्राइव्हचा गोंगाट त्याला लागत नाही आणि १०० मीटरची अटही राहत नाही. केबल निवडताना आत पोलादी तार किंवा चिलखत नसलेली निवडली, नाहीतर काचेच्या सोबतीने धातू पुन्हा त्याच वाटेने आत आला असता. सहा तंतूंपैकी आज दोनच वापरात आहेत. उरलेले चार शिल्लक ठेवण्याचा खर्च नगण्य होता आणि पुन्हा खोदाई करण्याचा खर्च मोठा असतो. फायबर जोडणारे तरुण आता आपल्याकडे सहज मिळतात. घरोघरी इंटरनेट देणाऱ्यांबरोबर काम करून त्यांचा हात बसलेला आहे, आणि त्यांचे स्प्लायसिंगचे, म्हणजे तंतूला तंतू जोडण्याचे, काम पाहणे हा मला एक सुंदर अनुभव वाटला.

यंत्रे कुठे टांगायची, यावर वायरमनशी माझे बरेच बोलणे झाले. सर्वांत उंच जागा सर्वांत चांगली, असे त्यांना वाटत होते. आमच्या शेडचा ट्रस नऊ मीटरवर आहे आणि त्याच्या खालून क्रेन फिरते. तिथे यंत्र लावले तर क्रेनचा गर्डर दिवसातून पन्नास वेळा त्याच्या आणि कामगाराच्या मध्ये आला असता. शिवाय या यंत्रांचा सिग्नल नेहमी सगळीकडे सारखा पसरत नाही. बाहेर अँटेना असलेल्यांचा तो बाजूंना जास्त आणि थेट खाली कमी असतो. म्हणून क्रेनच्या रुळाच्या खाली, साधारण चार मीटरवर, खांबाला आडवा कंस ठोकून ती बसवली. फाउंड्रीत काळी धूळ सगळीकडे शिरते, म्हणून तिथल्या यंत्राला पेटी हवी होती. मी सुट्टीवर असताना ते यंत्र वायरमनने मोठ्या आपुलकीने पत्र्याच्या पॅनेल बॉक्समध्ये बंद केले आणि दाराला कुलूपही लावले. परत आल्यावर पाहिले तर दोन मीटरवर उणे ७० येत होते. पत्र्याच्या पेटीत वायफायचे यंत्र ठेवणे म्हणजे घंटेला गोधडी गुंडाळणे आहे. आता तिथे धूळ-पाण्यापासून संरक्षण असलेली प्लॅस्टिकची पेटी आहे आणि ती दर महिन्याला पुसली जाते.

चॅनेलचे काम त्या मानाने लवकर उरकले. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनेल वापरता येतात, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर असतात आणि प्रत्येकाला सुमारे २० मेगाहर्ट्झची रुंदी लागते. म्हणून एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या दोन यंत्रांना एकच चॅनेल येणार नाही अशा रीतीने ते वाटून दिले. ५ च्या पट्ट्यात जागा पुष्कळ आहे; २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्या पट्ट्यातला मोठा भाग परवानामुक्त केल्यापासून तर अधिकच. टॅब सगळे तिकडे वळवले आणि जुने स्कॅनर २.४ वर ठेवले.

एक बारीक बदल मात्र मोठा परिणाम करून गेला. वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, बाकीच्यांनी थांबायचे असते. १९९७ च्या पहिल्या मानकातले १ आणि २ एमबीपीएसचे वेग आजही यंत्रांत चालू असतात. १५०० बाइटचे एक पाकीट १ एमबीपीएसने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात. तेच ५४ एमबीपीएसने पाव मिलिसेकंदाच्या आत जाते. म्हणजे दूरच्या कोपऱ्यात अडखळणारे एक उपकरण जवळच्या पन्नास पाकिटांचा वेळ खाते. आमच्याकडचे सर्वांत जुने स्कॅनरही वरच्या वेगाने बोलू शकतात याची खात्री केल्यावर मी हे खालचे वेग बंद केले, आणि नवे यंत्र न आणता मशीन शॉपमधली निम्मी तक्रार त्याच दिवशी थांबली.

चालता-चालता जोडणी न तुटणे ही आबांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती. सगळ्या यंत्रांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला तरी एका यंत्रावरून दुसऱ्यावर कधी जायचे, हे टॅब ठरवतो. अनेक उपकरणे जुन्या यंत्राला शेवटपर्यंत धरून राहतात. डोक्यावर उणे ५० चे यंत्र असताना ऑफिसचे उणे ८० वाले सोडत नाहीत. याचा उपायही शक्ती कमी करणे हाच आहे. दूरचे यंत्र जेवढ्या लवकर ऐकू येईनासे होते, तेवढ्या लवकर उपकरण जवळचे शोधते. जलद हस्तांतरणाची सोय चालू केली तेव्हा आमचे जुने स्कॅनर जोडलेच जाईनात, म्हणून ती बंद ठेवली आहे. त्यांच्याबाबतीत अर्ध्या सेकंदाच्या खंडाने कोणाचे काम अडत नाही.

व्याप्ती वाढली की दारेही वाढतात, म्हणून नेटवर्कचे तीन वेगळे भाग केले. टॅब आणि स्कॅनर एका भागात, ऑफिस दुसऱ्यात, आणि पाहुणे व कामगारांचे मोबाइल तिसऱ्यात. व्हीएमसी आणि सीएनसी या संगणकीय प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशिनींना मी वायफाय दिलेच नाही. त्यांच्यातल्या काहींचे कंट्रोलर इतके जुने आहेत की त्यांना सुरक्षेची सुधारित आवृत्ती मिळत नाही. त्यांना प्रोग्रॅम पाठवायला वेगळी वायर आहे आणि ती इंटरनेटला पोहोचत नाही.

कामगारांच्या मोबाइलला वायफाय द्यावे की नाही, यावर बैठकीत मतभेद झाले. लोक कामाच्या वेळी मोबाइल पाहतील, ही भीती मला समजते आणि म्हणूनच ते भट्टी आणि मशिनींजवळ दिलेले नाही. कँटीनमध्ये आणि सुरक्षारक्षकाच्या खोलीत मात्र दिले आहे. आमच्या मागच्या शेडमध्ये मोबाइलचा सिग्नलही पत्र्यामुळे क्षीण असतो. रात्रपाळीला असलेल्या माणसाच्या घरी काही झाले, तर त्याच्यापर्यंत निरोप पोहोचला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मोल्डरला वडील गेल्याची बातमी चार तास उशिरा कळली, कारण फोन लागत नव्हता. बैठकीत मी तो प्रसंग सांगितला आणि त्यानंतर कोणी विरोध केला नाही. आता कँटीनमधल्या वायफायवरून इंटरनेटमार्गे कॉल येतात, आणि कोणाचा निरोप आला तर कँटीनवाले मामा शेडमध्ये जाऊन त्याला बोलावून आणतात.

एक जागा अजून राहिली आहे. फाउंड्रीच्या मागे पॅटर्न, म्हणजे साचा तयार करण्याचे नमुने, ठेवण्याची दगडी भिंतींची खोली आहे. तिथे आजही उणे ७९ पेक्षा चांगला आकडा येत नाही, आणि पॅटर्न कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद वहीतच होते. अंगणातल्या फायबरचे शिल्लक तंतू त्या खोलीच्या दारापर्यंत आलेले आहेत, पुढच्या पाइपात ओढतार घालून ठेवली आहे आणि दसऱ्याच्या सुट्टीत भट्टी थंड झाली की नववे यंत्र तिथे बसवायचे ठरले आहे.